एफडीवरचं क्रेडिट कार्ड: पहिलं म्हणून चांगलं, पण दुसऱ्याचा अर्ज कधी टाकायचा?

सिबिल रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, स्कोअरच्या जागी ‘-१’ किंवा ‘एनएच’ दिसलं म्हणजे तुमच्या नावावर मोजण्यासारखं काही नाही. बँकेच्या लेखी मात्र असा अर्जदार आणि कमी स्कोअरचा अर्जदार यांच्यात फारसा फरक उरत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रेडिट कार्डधारकांकडून येणे असलेल्या रकमेवरचा जोखीम-भार १२५ टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर नेला. विनातारण कार्डासाठी बँकेला जास्त भांडवल अडकवावं लागू लागलं आणि नवख्यांच्या बाबतीत हात आखडला गेला. ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशात रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे की, केवळ पूर्वीचं कर्ज नाही म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याचा अर्ज फेटाळू नका. वाक्य चांगलं आहे, पण ‘अंतर्गत धोरणात बसत नाही’ एवढं उत्तर बँकेला कायम उपलब्ध असतं.

यातून निघणारी खात्रीची वाट म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड. बँकेत एफडी करायची, बँक तिच्यावर लीन लावते, म्हणजे ती तारण म्हणून अडकवून ठेवते, आणि ठेवीच्या ८० ते १०० टक्के लिमिटचं कार्ड देते. पगाराची स्लिप लागत नाही, आयकर विवरणपत्र लागत नाही, बऱ्याच बँकांत वयाची १८ वर्षं पुरतात. ठेवीवर व्याज चालूच राहतं. पुढचं परीक्षण या कार्डाचं आहे, आणि त्याहून जास्त त्याच्या नंतरच्या अर्जाच्या वेळेचं. कारण हे कार्ड मिळवणं सोपं आहे. त्यावर सहा महिने छान घालवून पुढचा अर्ज चुकीच्या आठवड्यात टाकणं त्याहून सोपं आहे.

कुठलं घ्यावं

बाजारातली ओळखीची नावं अशी: एसबीआय कार्ड उन्नती, कोटक ८११ ड्रीम डिफरंट, आयडीएफसी फर्स्ट वॉव, अ‍ॅक्सिस इन्स्टा ईझी. उन्नतीसाठी स्टेट बँकेत किमान २५,००० रुपयांची ठेव लागते. पहिली चार वर्षं वार्षिक शुल्क नाही, त्यानंतर ४९९ रुपये अधिक जीएसटी. वॉव आजीवन मोफत म्हणून दिलं जातं, लिमिट ठेवीइतकंच, आणि परदेशी चलनातल्या खर्चावर अधिभार नाही हा त्याचा खरा गुण. परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याला या यादीतलं हेच सर्वात उपयोगी. कोटकमध्ये लिमिट ठेवीच्या ९० टक्क्यांच्या आसपास, अ‍ॅक्सिसमध्ये ८० टक्क्यांपर्यंत. किमान ठेव आणि टक्केवारी बँका मनाला येईल तशा बदलतात, म्हणून ठेव करण्याच्या दिवशीच बँकेच्या साइटवरचा ‘सर्वात महत्त्वाच्या अटी व शर्ती’ हा कागद उघडून तीन आकडे बघायचे: लिमिटची टक्केवारी, वार्षिक शुल्क कितव्या वर्षापासून, आणि ठेव मोडली तर दंड किती.

रिवॉर्ड पॉइंटांवरून या कार्डांची तुलना करण्यात अर्थ नाही. सगळ्यांचेच पॉइंट किरकोळ आहेत. निवडीचा निकष दुसराच असावा: पुढे ज्या बँकेकडून विनातारण कार्ड किंवा गृहकर्ज घ्यायची शक्यता आहे, तिथेच ठेव करा. सहा महिन्यांचा तुमचा व्यवहार त्या बँकेला आतून दिसतो आणि पुष्कळदा दुसरं कार्ड तिच्याच ॲपमध्ये ‘प्री-अप्रूव्ह्ड’ (आधीच मंजूर) म्हणून समोर येतं.

काही ॲपवर अगदी थोडक्या रकमेच्या ठेवीवरही कार्ड मिळतं. ते घेऊ नका असं नाही, पण हिशेब करा. २,००० रुपयांच्या ठेवीवर १,८०० चं लिमिट मिळालं तर एका किराणा बिलात निम्म्याहून जास्त लिमिट संपतं, आणि रिपोर्टमध्ये तुम्ही सतत गळ्यापर्यंत उधार असल्यासारखे दिसता. स्कोअरसाठी वापरलेलं लिमिट ३० टक्क्यांच्या आत असलेलं बरं, १० टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम. म्हणून ठेवीची रक्कम खर्चावरून ठरवा: कार्डावर महिन्याला जेवढा खर्च टाकणार त्याच्या पावणेचार पट ठेव. महिन्याला ८,००० टाकणार असाल तर ३०,००० ची ठेव, ९० टक्क्यांनी २७,००० चं लिमिट, म्हणजे वापर ३० टक्क्यांच्या थोडा आत. एवढे पैसे अडकवायचे नसतील तर खर्च कमी टाका. मोबाइलचं रिचार्ज, वीजबिल आणि एक पेट्रोलची टाकी एवढंही इतिहास बनवायला पुरतं.

कुठली ठेव चालत नाही तेही पाहून घ्या. कर वाचवणारी पाच वर्षांची ठेव तारण ठेवता येत नाही. संयुक्त नावाची किंवा अज्ञान मुलाच्या नावाची ठेव बहुतेक बँका या कामाला घेत नाहीत. बचत खात्याला जोडलेली स्वीप-इन ठेवही साधारणपणे चालत नाही, नवीन स्वतंत्र ठेव करावी लागते. ती करताना ‘मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण’ हा पर्याय निवडलेला असू द्या. ठेव संपली आणि तारणच उरलं नाही तर कार्ड बंद पडतं, तेही नेमकं पेट्रोल पंपावर. छोट्या वित्त बँकेत ठेव करायची असेल तर डीआयसीजीसीचं (ठेवींचा विमा देणाऱ्या महामंडळाचं) पाच लाखांपर्यंतचं विमासंरक्षण तिथेही लागू आहे, हे लक्षात असू द्या. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही.

आधी रिपोर्ट, मग ठेव

आपल्या नावावर काही नाही असं समजणाऱ्या बऱ्याच जणांच्या नावावर काहीतरी असतं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट संस्थांकडून दरवर्षी एकेक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. सिबिलच्या साइटवर वर्गणीच्या योजना ठळक असतात आणि मोफतची लिंक शोधावी लागते, पण ती आहे. स्वतःचा रिपोर्ट कितीही वेळा बघितला तरी स्कोअर कमी होत नाही.

त्यात काय शोधायचं? दिवाळीत हप्त्यावर घेतलेला टीव्ही किंवा मोबाइल. फायनान्स कंपनीचं ते कर्जच असतं आणि तसं नोंदलं जातं. ‘आत्ता घ्या, नंतर पैसे द्या’ वाल्या ॲपवरची उसनवारी; काही ॲप प्रत्येक उचलीचं वेगळं कर्ज खातं दाखवतात, त्यामुळे इतिहास अजून बनायचा आणि आठ-दहा फुटकळ खात्यांची यादी मात्र तयार. सोनेतारण कर्ज बँकेचं किंवा मोठ्या एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्त कंपनीचं) असेल तर तेही दिसतं.

आणि आपल्याकडची खास नोंद: जामीनदारी. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला किंवा मित्राच्या दुकानाला बँकेत जामीन राहिला असाल तर ते खातं तुमच्याही रिपोर्टमध्ये ‘गॅरंटर’ म्हणून येतं, आणि तिकडे हप्ते थकले की इकडे डाग पडतो. अशा खात्यात थकबाकी चालू असताना नव्या कार्डासाठी अर्ज करणं म्हणजे एक चौकशी (अर्जावरून बँकेने तुमचा रिपोर्ट बघितल्याची नोंद) वाया घालवणं. उलट बाजूही आहे. पतसंस्थेचं कर्ज दहा वर्षं एकही हप्ता न चुकवता फेडलेल्या माणसाचा स्कोअर ‘-१’ असू शकतो, कारण साधारणपणे पतसंस्थांचा हिशेब या चार संस्थांपर्यंत पोचतच नाही. गावात पत असते, सर्व्हरवर नसते.

नावांचा गोंधळ इथेच निस्तरा. पॅनवर ‘नाव-वडिलांचं नाव-आडनाव’, आधारवर आडनाव आधी, बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांचं पॅन माहेरच्या नावाचं तर खातं सासरच्या नावाचं. जुळणी मुख्यतः पॅनवरून होते, पण नाव आणि जन्मतारखेत तफावत असली की एकाच माणसाचा इतिहास दोन तुकड्यांत विभागला जातो किंवा व्हिडिओ केवायसीतच अर्ज अडकतो. पॅन आणि आधार एकसारखे करून घ्यायला काही आठवडे जातात. ते आधी घालवा. चुकीच्या नोंदीची तक्रार संबंधित संस्थेच्या साइटवर मोफत करता येते. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

पहिले सहा महिने

कार्ड हातात आल्यावर ते चालू करा. सोपी गोष्ट वाटते, पण इथेच काही जणांचा वेळ फुकट जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्ड निर्देशांनुसार ३० दिवसांत कार्ड सुरू केलं नाही तर बँकेला ओटीपीने तुमची संमती विचारावी लागते आणि ती न मिळाल्यास खातं बंद करावं लागतं. सुरू न केलेल्या कार्डाची माहिती बँकेने क्रेडिट संस्थांना देऊच नये असंही त्याच निर्देशात आहे. म्हणजे कपाटात ठेवलेल्या कार्डाने इतिहास बनत नाही.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस रिपोर्ट परत काढा आणि तीन गोष्टी तपासा. एक, खातं आलं आहे का. दोन, त्याचा प्रकार काय लिहिला आहे. सिबिलमध्ये ‘क्रेडिट कार्ड’ आणि ‘सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड’ असे दोन वेगळे प्रकार आहेत. दुसरा प्रकार दिसत असेल तर तो चूक नाही, पण दुसऱ्या बँकेला हे एफडीवरचं कार्ड आहे हे सरळ दिसतं. ‘तुमच्या सध्याच्या कार्डावर आमचं कार्ड’ या पद्धतीच्या अर्जात म्हणूनच काही बँका असं कार्ड धरत नाहीत. स्कोअर त्यावर बनतो, तो मात्र सगळ्यांना चालतो. तीन, क्रेडिट लिमिटचा रकाना रिकामा तर नाही ना. लिमिट न कळवलं गेल्यास वापराची टक्केवारी विचित्र दिसते. तेव्हा आधी कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करायची.

बिल भरताना ‘एकूण देय’ भरायचं. ‘किमान देय’ हा रकाना मनातून खोडून टाका. किमान रक्कम भरली की रिपोर्ट स्वच्छ राहतो हे खरं, पण हिशेब बघा. बिल १०,००० चं, किमान देय ५०० भरलं, उरले ९,५००. दरमहा ३.५ टक्क्यांनी व्याज साधारण ३३२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६० रुपये, म्हणजे महिन्याला ३९२. शिवाय व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. २५,००० च्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी महिन्याला मिळतात १३५ रुपये. ज्याला पूर्ण बिल भरणं जमणार नाही त्याच्यासाठी हे कार्ड चांगलं नाही, मग ते कितीही ‘आजीवन मोफत’ असो. एटीएममधून कार्डावर रोख काढण्याची सोय या कार्डांवर मोठ्या अक्षरांत जाहिरातली जाते. बहुतेक कार्डांवर रोख काढल्या क्षणापासून व्याज आणि वर शुल्क असतं. ती सोय नाहीच असं समजा.

ऑटो-डेबिट ‘एकूण देय’ वर लावा, पण पहिलं बिल हाताने भरा. ऑटो-डेबिटची नोंदणी पक्की व्हायला काही दिवस लागतात आणि पहिलं बिल त्याच फटीत सापडतं. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय बँक खातं थकीत म्हणून कळवू शकत नाही किंवा विलंब दंड लावू शकत नाही, असा नियम आहे. तो सुट्ट्या आणि सर्व्हर बंद यांच्यासाठी राखून ठेवा. पातळ इतिहासात एक थकीत महिना जेवढा दुखतो तेवढा दहा वर्षांच्या इतिहासात दुखत नाही, कारण इथे सहा नोंदींपैकी ती एक असते.

कार्ड रूपे असेल तर यूपीआयला जोडता येतं आणि दुकानातल्या क्यूआरवर चालतं. ओळखीच्या माणसाला पैसे पाठवायला चालत नाही, दुकानदाराचाच क्यूआर लागतो. ठेवीवरच्या कार्डाला ही जोड खरंच कामाची आहे, कारण भाजी-दुधाचे छोटे खर्च आपोआप कार्डावर येतात. फक्त छोटे खर्च मोजले जात नाहीत आणि २२,५०० चं लिमिट पंधरा दिवसांत निम्मं संपलेलं असतं.

दुसरा अर्ज: कोणत्या आठवड्यात

सर्वसाधारण उत्तर ‘सहा महिन्यांनी’ असं दिलं जातं. ते बरोबर आहे, पण अपुरं. सहा महिन्यांचा इतिहास मागण्याची पद्धत बऱ्याच बँकांच्या नियमांत बसवलेली असते, काहींना बारा महिने लागतात. पण सहावा महिना पुरा झाला म्हणून त्याच दिवशी अर्ज टाकला आणि नेमकं तेव्हा रिपोर्टमध्ये ८५ टक्के लिमिट वापरलेलं दिसत असेल, तर सहा महिने पाळून काय मिळवलं?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इंटरनेटवरचा बराच सल्ला अमेरिकेतून उचललेला असतो. तिकडे साधारणपणे बिल बनतं त्या दिवशीची बाकी कळवली जाते, म्हणून ‘बिल बनण्याआधी भरा’ असं सांगतात. आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान पंधरवड्याला, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती कळवणं बंधनकारक झालं. ती माहिती सात दिवसांत पाठवायची आणि क्रेडिट संस्थेने पाच दिवसांत चढवायची, अशी मुदत त्यात ठरली. मग गणित असं: २८ तारखेला कार्डाची बाकी भरून टाकली, ३० ला बाकी जवळजवळ शून्य, तर ती स्थिती पुढच्या महिन्याच्या १२ तारखेपर्यंत रिपोर्टमध्ये दिसायला हवी. १३ तारखेला रिपोर्ट काढायचा, आकडा उतरलेला दिसला की अर्ज टाकायचा. पंधरा तारखेचा पंधरवडा साधायचा असेल तर १३ ला भरा आणि २७ नंतर बघा. बाकी पूर्ण शून्यावर आणण्यापेक्षा दोन-तीनशे रुपये राहू दिलेले चालतात. कार्ड वापरात आहे हे तरी दिसतं. बिल बनण्याची तारीख गैरसोयीची असेल तर ती किमान एकदा बदलून मागता येते.

अर्जाच्या दिवशी रिपोर्टमध्ये काय दिसायला हवं, तर सहा किंवा जास्त महिन्यांपुढे ‘०००’, म्हणजे एकही दिवस थकबाकी नाही. मागच्या तीन, शक्यतो सहा, महिन्यांत दुसरी कुठली चौकशी नाही. वापर ३० टक्क्यांच्या खाली. आणि अर्जात लिहिणार तेच नाव, तोच पत्ता, तीच नोकरी. यातलं एकही जमत नसेल तर अर्ज पुढे ढकला. नोकरी नुकतीच बदलली असेल तर दोन-तीन पगार जमा होऊ द्या. आधारवर गावचा पत्ता आणि राहणं पुण्यात भाड्याने असेल तर भाडेकरार किंवा चालू पत्त्याचं वीजबिल तयार ठेवा. प्रत्यक्ष पडताळणीचा माणूस आला आणि दाराला कुलूप दिसलं की अर्ज तिथेच थांबतो.

पिनकोडचंही विसरू नका. बँका ठरावीक पिनकोडवरूनच विनातारण कार्डाचे अर्ज घेतात. तालुक्याच्या गावचा पत्ता दिल्यावर ‘सध्या तुमच्या भागात सेवा नाही’ असं येतं, त्यात स्कोअरचा दोष नसतो. अर्जाच्या पहिल्याच पानावर पिनकोड विचारणाऱ्या बँका बऱ्या, कारण चौकशी पडण्याआधीच नकार कळतो. फॉर्म पूर्ण भरून, पॅन देऊन, संमतीवर खूण करून मग पिनकोड तपासणाऱ्या साइट टाळा.

अर्ज कुठे करायचा याचा क्रम: पहिल्यांदा ठेव असलेली बँक, मग पगार जमा होतो ती बँक, आणि मग बाहेरची. बाहेरच्यांत खरेदीच्या ॲपशी जोडलेली प्राथमिक कार्डं नवख्यांना तुलनेने लवकर मिळतात. अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय हे त्यातलं परिचित, वार्षिक शुल्क नसलेलं. ‘प्री-अप्रूव्ह्ड’ लिहिलेलं असलं तरी शेवटच्या पायरीवर चौकशी पडू शकते, हे धरून चाला. मॉलच्या टेबलावर फॉर्म भरू नका. तिथला एजंट एका सहीवर दोन-तीन बँकांकडे अर्ज पाठवू शकतो आणि तुमच्या रिपोर्टमध्ये एकाच दिवशी तीन चौकश्या दिसतात. एकाच दिवशी सगळीकडे टाकले तर एकमेकांना कळणार नाही, हा समजही खोटा आहे. चौकशी लगेच नोंदली जाते. क्रेडिट संस्थांनी तुमचा रिपोर्ट कोणी बघितला याची सूचना एसएमएस किंवा ईमेलवर द्यायची असते, ती येते का याकडे लक्ष ठेवा.

अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी देणं बँकेवर बंधनकारक आहे. मागा. उत्तर मोघम आलं तरी कागदपत्रं, पिनकोड, उत्पन्न की क्रेडिट रिपोर्ट, एवढं बहुधा कळतं. कारण कागदपत्रांचं असेल तर दुरुस्ती करून त्याच बँकेत बोला. कारण रिपोर्टचं असेल तर त्याच संध्याकाळी दुसऱ्या बँकेत अर्ज टाकण्याचा मोह आवरा. त्याच बँकेसाठी सहा महिने, दुसरीसाठी किमान तीन महिने थांबा.

दुसरं कार्ड मिळाल्यावर तिसऱ्याची घाई नको. खात्यांचं सरासरी वय या टप्प्यावर महिन्यांत मोजलं जातं आणि प्रत्येक नवं खातं ते खाली ओढतं. वर्षभराचं अंतर योग्य. गृहकर्ज किंवा वाहनकर्ज पुढच्या सहा महिन्यांत घ्यायचं असेल तर कार्डाचा एकही अर्ज नको, मग ऑफर कितीही गोड असो. काही कर्जदाते कार्डावरच्या बाकीच्या पाच टक्के रक्कम मासिक हप्ता म्हणून धरतात, त्यामुळे कर्जाच्या अर्जाआधी कार्डांची बाकी उतरवून ठेवण्याचा दुहेरी उपयोग आहे.

कोणासाठी नाही

पगार खातं चांगल्या बँकेत आहे, चार-सहा पगार जमा झाले आहेत आणि ॲपमध्ये कार्डाची ऑफर दिसते आहे, अशा माणसाने ठेव अडकवायचं कारण नाही. ज्याच्या नावावर जुनं ‘सेटल्ड’ (तडजोडीने कमी रक्कम भरून मिटवलेलं) खातं आहे त्याला ठेवीवर कार्ड मिळेल, पण जुनी नोंद त्याने पुसली जात नाही. तिथे आधी उरलेली रक्कम भरून नोंद ‘क्लोज्ड’ करून घेण्याचं काम आहे. नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या कार्डावर ॲड-ऑन (जोड कार्ड) घेऊन आपला इतिहास बनेल, ही आशाही ठेवू नका. आपल्याकडे ॲड-ऑनची जबाबदारी मुख्य धारकाची असते आणि साधारणपणे नोंदही त्याच्याच नावावर होते. गृहिणी, विद्यार्थी, रिक्षाचालक, फ्रीलान्सर, छोटे दुकानदार यांना मात्र स्वतःच्या नावावर ठेव आणि कार्ड हाच सरळ मार्ग आहे.

परदेशातून परतलेल्यांचीही हीच गत. न्यू जर्सीत बारा वर्षं निष्कलंक इतिहास असला तरी तो पुण्याच्या शाखेत दिसत नाही. इथे पुन्हा ‘-१’ पासून सुरुवात, आणि परतताना आणलेल्या पैशांतली छोटी ठेव या कामी लावली तर पहिल्या वर्षातच गाडं रुळावर येतं.

बंद कधी आणि कसं करायचं

विनातारण कार्ड मिळालं की पहिली इच्छा ठेव सोडवायची होते. थांबा. ठेवीवरचं कार्ड हे तुमचं सर्वात जुनं खातं आहे आणि त्याचं लिमिट एकूण लिमिटचा मोठा हिस्सा असतं. ते काढलं की वापराची टक्केवारी एका दिवसात वर जाते. दुसऱ्या कार्डाला वर्ष होऊ द्या, मग ठरवा. वार्षिक शुल्क नसेल तर मोडण्याची गरजच नाही. वर्षभर अजिबात न वापरल्यास बँक ते कळवून बंद करू शकते, म्हणून दोन-तीन महिन्यांतून एक छोटं बिल त्यावर टाका. शुल्क सुरू होणार असेल तर तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. ४९९ अधिक जीएसटी म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे, आणि न वापरलेल्या कार्डावर आलेलं हे बिल कोणी उघडून बघत नाही. चार वर्षं जपलेल्या ‘०००’ च्या रांगेत थकबाकीचा आकडा येतो तो असा.

बंद करायचंच ठरलं तर बाकी पूर्ण भरा, चालू हप्ते असतील ते मिटवा, यूपीआय आणि ऑटो-पेची जोडणी काढा, पॉइंट वापरून टाका आणि मग लेखी विनंती करा. सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर झाला आणि खात्यात काही देणं नसेल तर दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. नंतर ‘देणं नाही’ चं पत्र घ्या आणि ठेवीवरचा लीन उठला आहे का ते ॲपमध्ये बघा, कारण कार्ड बंद होणं आणि लीन उठणं ही बँकेतल्या दोन वेगळ्या विभागांची कामं असतात. दुसरं आपोआप होत नसेल तर शाखेत जाऊन ते पत्र दाखवावं लागतं. दीड महिन्याने शेवटचा रिपोर्ट काढून त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य आहे का ते पाहा.